चार नियम

“नावानं हाक मारा त्यांना, मावशी. मोठ्यानं.”

सेलूच्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण राजनंदिनी सहज बोलून गेली, पण नर्मदाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. पण लकव्यानं माणसाची वाचाच नेली, तिथं कसली आलीय लाज! पदर सावरून त्या वाकल्या.

“दिनकरराव... अवो, दिनकरराव!”

दिनकर मास्तर पंख्याकडं पाहत राहिले. नर्मदाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभराची लाज सोडली आणि तीही फुकट गेली.

“घरी बोलतेत वो,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “पण ते कायच्या काय हाय. दावू का?” आणि त्यांनी आवाज चढवला, “शेवटी ई आला तर?”

“ई गाळा, आयएनजी जोडा!” मास्तर खणखणीत म्हणाले.

डॉक्टरीण बघतच राहिली. तीस वर्षं मास्तरांनी पोरांकडून इंग्रजी स्पेलिंगचे हे नियम घोकून घेतले होते, शाळेत आणि संध्याकाळी घरच्या ओसरीवरही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या नर्मदाबाईंचेही भाकरी थापता थापता पाठ झाले होते.

“पाठ केलेलं कधीकधी टिकतं,” राजनंदिनी म्हणाली. “रोज विचारत जा. पण आशा बेतानं धरा, मावशी.”

नियम होते चारच. सकाळी तोंड धुऊन दिलं की नर्मदाबाई विचारायच्या, मास्तर सांगायचे. “चहा घेता का?” याला मात्र उत्तर नसायचं. मेली ती इंग्रजी! जन्मभर तिला सवत म्हणून बोल लावला आणि आता तिच्याच जिवावर घरात नवऱ्याचा आवाज उरला होता.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला. चौथा नियम गेला, मग तिसरा, मग दुसरा. संक्रांतीच्या सकाळी नर्मदाबाईंनी उरलेला पहिला विचारला.

“शेवटी ई आला तर?”

मास्तरांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

“ऐकायलात न्हवं? शेवटी ई आला तर?”

चहा कपात निवून गेला. नर्मदाबाईंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“ई गाळा,” त्याच म्हणाल्या. “आयएनजी जोडा.”

मग त्यांनी दुसरा नियम विचारला आणि त्याचंही उत्तर दिलं.