जनरल हेडलीचा हुकूम

अर्धकच्च्या अंड्यावर सोया सॉसचा थेंब पडला, हळूहळू पसरत गेला, आणि उल्का त्याच्याकडेच बघत राहिली... कारण समोर बसलेल्या प्रणिताकडे, तिच्या मदतनीस मुलीकडे, बघणं तिला जमत नव्हतं.

"ताई, तुम्ही म्हणत असाल तर मी तिकीट रद्द करते," प्रणिता म्हणाली. "आईच्या ऑपरेशनला मामा आहे तिकडे पुण्यात."

जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या त्या मोठ्या मंडपात, सकाळची गडबड होती. काल संध्याकाळी उल्काच्या विभागाचे प्रमुख प्रोफेसर लिम यांनी विचारलं होतं, पुस्तकाचा मसुदा दोन महिने आधी देता येईल का. आला, तर युनिव्हर्सिटीतल्या कायमच्या जागेसाठी तुझं नाव पुढे करणं सोपं जाईल. आणि उल्का पटकन म्हणून गेली होती — होईल.

चार वर्षं ती एका मेलेल्या माणसाबरोबर राहत होती. हेडली, तिच्या पुस्तकाचा विषय, एकोणिसाव्या शतकात मद्रासच्या फौजेत, रसदखात्यात लागलेला. तांदूळ, तूप, बैल, बैलांची वैरण. बरोबरीचे अधिकारी त्याला वाणी म्हणून हसत. एका पावसाळी मोहिमेत धान्य कुजलं, गोळीनं मेले त्याहून जास्त शिपाई उपासमारीनं मेले, तेव्हा हाच गुडघाभर चिखलात उभा राहून गाड्या ओढून काढत होता. कर्नलच्या दारूच्या पेट्या उतरवून त्यानं त्याच बैलांवर तांदूळ लादला होता — त्या पानांवर उल्काचा त्याच्यावर जीव जडला होता. पुढे तो जनरल झाला. आणि गाड्या मागे अडकलेल्या असताना त्यानं फौजेला कूच करायचा हुकूम दिला. त्याचा रसद अधिकारी म्हणाला, साहेब, थोडं थांबू या. हेडली थांबला नाही. निम्मी पलटण डोंगरात भुकेनं संपली.

का? शेवटच्या प्रकरणात तिनं लिहून टाकलं होतं की मोठ्या पदावर गेल्यावर त्याला भुकेचा विसर पडला. वाक्य तिला आवडलंही होतं...

पण, तिच्या मनात आलं, काल लिमसाहेबांनी विचारलं, तेव्हा मला प्रणिताची रजा आठवत होती. विमानाची तारीखसुद्धा आठवत होती. 'होईल' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर हीच मुलगी होती, आणि तरी तो शब्द किती सहज निघाला — जणू तिची आई, तिचं तिकीट, सगळं कुठल्यातरी मागच्या गाडीत होतं, येईल सावकाश... म्हणजे तोही विसरला नसणार. चिखल, कुजका तांदूळ, सगळं लख्ख आठवत असतानाच त्यानं हात वर करून पुढे चला म्हटलं असणार.

"तिकीट रद्द करायचं नाही," उल्का म्हणाली.

"मग मसुदा?"

"ते माझ्यावर सोड."

"पण ताई, तुमच्या इथल्या वर्क पासची मुदत... ही जागा मिळाली नाही तर भारतात परत जावं लागेल ना तुम्हाला?"

"लागेल कदाचित. तू आईकडे जा."

युनिव्हर्सिटीच्या बसमध्ये ती पूर्ण वेळ उभीच राहिली, रिकामी सीट शेजारी असूनही. बसलं तर मन वळेल, शब्द मऊ होतील, 'बघू या' वगैरे तोंडात येईल, अशी धास्ती होती. लिमसाहेबांच्या खोलीत शिरल्या शिरल्या तिनं सांगून टाकलं, "काल मी होईल म्हटलं, ते चुकलं. आधी ठरलेल्या तारखेलाच देईन. माझ्या मदतनीस मुलीला घरी जायचंय, आणि तिनं जायलाच हवं."

त्यांनी चष्मा काढला. मग शांतपणे म्हणाले, "त्या जागेचं मग मला सांगता येणार नाही."

"कळलं मला. आणि शेवटचं प्रकरण मी पुन्हा लिहिणार आहे."

ती बाहेर कॉरिडॉरमध्ये आली. हेडलीचा राग येत नव्हता. कीवही येत नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो ओळखीचा वाटत होता, आणि ओळखीच्या माणसाविषयी खरं लिहिणं फार जड जाणार होतं... जाऊ दे जड, ती स्वतःशीच म्हणाली, आणि नव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य मनात जुळवू लागली.