आनंदीबाईंची झोप

"रात्री किती वेळा जाग येते, काका?" डॉक्टर नम्रतांनी विचारलं.

"चार-पाच डाव तरी. वय झालं, दुसरं काय!" पोपटराव म्हणाले.

खोपोलीच्या एका कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढून ते आता खालापूरजवळच्या गावी भातशेती बघत. तक्रार अशी कसलीच नव्हती. फक्त दिवसा, बांधावर बसल्या बसल्या पेंग यायची. गेल्या आठवड्यात मोटारसायकलवर डुलकी लागली आणि ते गाडीसकट ओहोळात गेले. खरचटण्यावर निभावलं, पण लेकीनं, तेजश्रीनं, फोनवर रडून रडून त्यांना दवाखान्यात पाठवलं.

डॉक्टरांनी शेजारी बसलेल्या आनंदीबाईंकडे पाहिलं. "काकू, हे घोरतात का?"

"घोरतात, त्याचं काय नाय वो. घोरायचं थांबतात ना, तवा जीव जातो माजा."

"म्हणजे?"

आनंदीबाईंनी पदर सारखा केला. नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "श्वासच थांबतो यांचा. मी आकडे मोजते. पंधरा झाले का कोपरानं ढोसते. मंग दचकून उठतात. यांना वाटतं, आपली आपण जाग आली."

पोपटराव तिच्याकडे वळले. "कवापासून गं?"

"तेजूच्या लग्नापासून. सात वर्षं झाली की."

सात वर्षं! 'तुझी चुळबुळ सोसवत नाय' म्हणून ते मध्यंतरी पडवीत निजायला गेले, तर हीही अंथरूण घेऊन मागोमाग आली होती. केवढे चिडले होते ते!

"मंग सांगितलं का नायस?"

"भ्यायला असता तुमी. निजलाच नसता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. झोपेत घशातली वाट मिटते, म्हणून श्वास अडतो. यावर उपाय आहे.

तपासणी झाली, हवा देणारं मशीन घरी आलं. नाकावर त्याचा मास्क चढवून पोपटराव निजू लागले. पहिल्या रात्री छातीवर आनंदीबाईंचा हात होता. दुसऱ्या, तिसऱ्या रात्रीही होता.

पाचव्या दिवशी पोपटरावांना जाग आली तेव्हा उजाडून गेलं होतं. आनंदीबाई कुशीवर, तोंड किंचित उघडं, गाढ झोपेत. आठ वाजले तरी हलल्या नाहीत. पोपटरावांनी म्हशीची धार काढली, भांडं वाजू न देता चहा टाकला.

तेवढ्यात ठाकरवाडीची धाऊ भाजीची पाटी घेऊन अंगणात आली. "आनंदीबाय, टाकळा हाय गं!"

पोपटराव धावत बाहेर आले. "हळू! निजलीय ती."

धाऊ चपापली. "बरं नाय का तिला?"

"बरी हाय गं. नुसती निजलीय."

धाऊला काही उमगलं नाही, पण तिनं पाटी अलगद ओट्यावर उतरवली. पोपटरावांनी आपल्यातला अर्धा चहा तिला दिला. पावसानं उघडीप दिली होती. दोघं पायरीवर बसून राहिली, फुंकर मारतानाही आवाज न करता.