गार हंडा

"ॲसिड किती गेलं?" डबा ठेवायच्या आधीच थेंबेमास्तरांनी विचारलं.

"सगळं," जावई म्हणाला. सकाळची पाळी त्याची, दुपारची सासऱ्यांची. "आज तुमच्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही, बाबा."

मास्तरांचं आडनाव काही थेंबे नव्हतं. रंगाच्या या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी रिअ‍ॅक्टरच्या हंड्यात ॲसिड थेंबाथेंबानेच सोडलं, म्हणून ते नाव चिकटलं. त्यांचं चार तासांचं काम जावयाने दोन तासांत उरकलं होतं.

"अहो, पण तापमानाचा काटा पस्तिसावर हवा ना?"

"चढतच नव्हता. बारावर अडून बसला होता. म्हटलं, गार आहे तर भ्यायचं कशाला? दिलं सोडून भसाभसा."

ॲसिड आतल्या मालाशी मिळतं तेव्हा हंडा तापायलाच हवा. तापला नाही, म्हणजे आत काही घडलंच नव्हतं. सगळं ॲसिड तसंच दबा धरून बसलं होतं. गारठ्यात ते सुस्त असतं, पण एकदा ऊब मिळाली की स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं, आणि जितकं तापेल तितका त्याचा वेग वाढतो. मग त्याला आवरणारा अजून जन्माला यायचाय.

"हंड्याला बाहेरून वाफ दिलीत?" त्यांनी घाबरतच विचारलं.

"आत्ताच. जरा जाग यावी म्हणून."

काटा अठरावर होता. बघता बघता बावीस.

मास्तरांनी वाफ बंद केली, बाहेरून गार पाणी पुरतं सोडलं. सत्तावीस. पळावंसं वाटत होतं, अगदी खरं सांगायचं तर फार वाटत होतं. पण पलीकडे वीस माणसं काम करत होती, आणि समोर लेकीचा नवरा उभा होता. लेकीला सातवा महिना.

"जावईबापू, सगळ्यांना फाटकाबाहेर काढा. धावा!"

"आणि तुम्ही?"

"वाद घालायची वेळ आहे का ही? जा म्हणतो ना!"

हंड्याखाली पाण्याची मोठी टाकी होती, अशाच दिवसासाठी. माल तिच्यात सोडायची झडप हातानेच फिरवावी लागे, आणि तीस वर्षांत ती कुणी फिरवली नव्हती. मास्तर हंड्याखाली वाकले. झडपेचं चाक हलेना. डोक्यावर हंडा गुरगुरायला लागला.

"फिर गं बाई, फिर एकदाची," ते पुटपुटले.

तेवढ्यात चाकावर आणखी दोन हात पडले.

"माणसं बाहेर गेली," जावई धापा टाकत म्हणाला. "ओढा, बाबा!"

चाक करकरलं, फिरलं. माल धबधबा टाकीत कोसळला, वाफेने दोघं दिसेनासे झाले. हळूहळू गुरगुर थांबली.

संध्याकाळी लेकीने दोघांपुढे चहा ठेवला. कुणी कप उचलेना.

"हे काय बाबा, जावयाचा हात धरून बसलात? पळून चाललेत का ते?"

"गार पडलाय गं," मास्तर म्हणाले, आणि हात उबदार होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.