फळीच्या वरचा, फळीच्या खालचा

माझे दोन्ही भाऊ हुशार आहेत. तेवढ्यानेच माझे केस अवेळी पिकले.

वडील गेले आणि यांनी वाटण्या काढल्या. घर वाटलं, जाळी वाटली, भांडीकुंडी वाटली. राहिली ती होडी. शिडाची लहानशी होडी, दोन माणसं बसली की भरली. तिची काय वाटणी करणार? पण या शहाण्यांनी तीही केली. बसायच्या आडव्या फळीच्या वर जे काही असेल ते थोरल्याचं, फळीच्या खाली असेल ते धाकट्याचं. म्हणजे डोलकाठी, शीड आणि दोर याच्याकडे, तर तळ, सुकाणू आणि तळात वजनाला घातलेले दगड त्याच्याकडे. एक दिवस होडी याने न्यायची, एक दिवस त्याने. ज्याचं त्याने दुरुस्त करायचं, दुसऱ्याच्या भागात नाक खुपसायचं नाही. सगळी वस्ती त्यांना वरचा आणि खालचा म्हणायला लागली. दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद. मी दोघांची ताई, म्हणून निरोप वाहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जीभ झिजली माझी.

त्या दिवशी पाळी वरच्याची होती. पहाटेच त्याने जुनी काठी उपटून नवी बसवली, जुनीहून चांगली हातभर उंच. तिला नवं शीड, जुन्याच्या दीडपट. महिनोन् महिने अंगणात बसून शिवत होता, बायकोला धड अंगण झाडू देईना. होडी पाण्यात ढकलायला मीही हात लावला, तर ती झटकन सरकली. वरच्याने माझ्याकडे बघून मिशीवरून बोट फिरवलं. त्याला वाटलं, ही आपल्याच कामाची करामत.

"खालच्याला सांग," जाता जाता म्हणाला, "सुकाणू करकरतंय. तेल घाल म्हणावं."

तो निरोप घेऊन मी खालच्याच्या घरी गेले. वारा तेव्हाच जोर धरायला लागला होता, दोरीवरचे कपडे फडाफडा वाजत होते. मागच्या दाराशी त्याची बायको नव्याने मांडलेल्या दगडांवर धुणं धूत होती. काळे, गुळगुळीत दगड. वडिलांनी एकेक निवडून आणलेले, मी ओळखणार नाही होय?

"हे होडीतले दगड ना रे?"

"हो. काल काढले." खालचा बिनघोर रंधा मारत बसला होता. "वाळूवरून ओढताना कंबर मोडते माझी. दगडांच्या रिकाम्या जागेवर पक्क्या फळ्या ठोकल्यात. आता कशी हलकी सरकते बघ."

"वरच्याला सांगितलंस?"

"फळीच्या खालचं आहे. त्याला कशाला सांगू?"

"आणि त्याने वर काय केलंय, ते पाहिलंस?"

"त्याच्या भागात मी कशाला बघू?"

माझा आवाजच चढला. "अरे मुडद्या, काठी हातभर वाढवलीय त्याने. दीडपट शीड लावून आज पहिल्यांदा बाहेर गेलाय."

खालच्याच्या हातातला रंधा तसाच थांबला. हुशार आहे म्हटलं ना, पुढचं मला सांगावं लागलं नाही. वर एवढं शीड आणि तळात वजन नाही, म्हणजे बाजूने एक जोराचा झोत आला की होडी पालथी. आणि तो झोत नेमका कुठे येतो हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बंदराच्या तोंडाशी, दगडी बांध संपतो तिथे. तिथे पालथा पडला तर खाली पाणी नाही, खडक आहेत.

आम्ही दोघं बांधावरून धावत सुटलो. माझं वय धावायचं नाही, पण पायांना कोण विचारतंय. बांधाच्या टोकाला पोचलो तेव्हा पांढरं शीड परतताना दिसलं. होडी एका कुशीवर पार कलली होती आणि वरचा दुसऱ्या काठावर बसून, अंग बाहेर टाकून दोर ओढत होता. चेहरा मात्र लग्नात मिरवावं तसा. त्याला वाटत होतं, शिडाची ताकद म्हणतात ती हीच.

खालचा दोन्ही हात हलवून ओरडला, "ओ होडीवाले! शीड उतरवा!"

होडीवाले म्हणे. सख्ख्या भावाला.

वरच्याने पाहिलं. आणि आपला भाऊ नव्या शिडावर जळतोय असं समजून त्याने दोर आणखी ताणला. शीड टम्म फुगलं, होडीचा काठ पाण्याला टेकला.

"अजून ताणतोय, ताई. मुद्दाम ताणतोय."

"मग काय करील? नीट हाक मार त्याला."

"नीट म्हणजे कशी?"

"लहानपणी मारायचास तशी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, आवाज फुटेना. होडी बंदराच्या तोंडाकडे येत होती, झोताला आता थोडकंच अंतर. मी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

"दादा!" तो ओरडला. "दादा, शीड सोड! तळ मोकळा आहे!"

वरच्याच्या हातातून दोर सुटला. शीड सैल होऊन फडफडायला लागलं आणि तेवढ्यात झोत आला. होडी गरकन फिरली, गुडघाभर पाणी आत घेतलं, पण सरळ राहिली. त्याने धडपडत शीड खाली घेतलं, वल्ही काढली आणि वेड्यासारखा वल्हवत सुटला. आम्ही किनाऱ्यावर पोचेपर्यंत तोही पोचला. चेहरा पांढराफटक. होडी बांधलीसुद्धा नाही, कमरेएवढ्या पाण्यातून धावत आला आणि त्याने खालच्याचे दोन्ही खांदे धरले.

"कोण गेलं?"

"कोण?" खालचा गोंधळला. "कोणी नाही."

"खोटं बोलू नकोस. वहिनी बरी आहे ना तुझी? पोरं?"

"सगळी बरी आहेत. मी ओरडत होतो ते दगडांचं. तळातले दगड मी काढले, म्हणून शीड सोड म्हणत होतो."

"ते कुठलं ऐकू येतंय वाऱ्यात." वरचा मटकन वाळूत बसला. "मला नुसतं दादा ऐकू आलं. म्हटलं, हा मला दादा म्हणतोय, म्हणजे घरात कोणीतरी मेलं."