सहा स्टॉपांत धोतर

दर शनिवारी दुपारी, परतीच्या बसमध्ये, शरयू एका उघड्या माणसाला धोतर नेसवायची.

माणूस कागदावरचा. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या एका छोट्याशा आर्ट सेंटरमध्ये सकाळी दहा ते बारा या वेळात एक मॉडेल बसायचं. कधी बाई, कधी पुरुष, अंगावर चिंधी नाही, आणि भोवती दहा-बारा जण शाईच्या पेनाने त्याचं चित्र काढायचे. पहिल्या दिवशी शरयूचे कान तापले होते. दुसऱ्या शनिवारी तिच्या लक्षात आलं, की इथे आपला टी-शर्ट कुणी खालून ओढत नाही. इला चौदा महिन्यांची झाली होती. तेवढ्या चौदा महिन्यांत हे दोन तासच काय ते तिचे एकटीचे.

आणि ते सासूबाईंच्या हातात होते. शुभाताई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या इलाला सांभाळायच्या म्हणून तर हा क्लास. नवरा, अनीश, शनिवारीही लॅबमध्ये, कारण त्याचे उंदीर सुट्टी पाळत नाहीत. क्लासात काय चालतं ते त्याला ठाऊक होतं. "आईला सांगायचं तर तू सांग," तो म्हणाला होता. "मी तेव्हा उंदरांजवळ असेन."

शरयूने सांगितलं नाही. पण शुभाताई दारातच वही मागायच्या, "काय काढलं आज? दाखव बघू." म्हणून ही नेसवानेसवी, पेन्सिलीने. घर यायला सहा स्टॉप. तिसऱ्यापर्यंत निऱ्या, पाचव्यापर्यंत उपरणं. बाई असली की नऊवारी, मग तर नुसती धांदल. एकदा शेजारच्या गोऱ्या आजींनी वाकून बघितलं आणि हळूच विचारलं, "थंडी वाजतेय का त्याला?"

"फार," शरयू म्हणाली. बाहेर बर्फ होताच.

त्या शनिवारी मात्र शुभाताईंनी इलाला कडेवरून उतरवलं, चष्मा लावला आणि वही खिडकीशी धरली. चित्रात साठीचा, पोट सुटलेला एक गृहस्थ स्टुलावर पाय ठेवून उभा होता.

"शरयू, ह्याला धोतर कोणी नेसवलं गं?"

"तिथे... देतात, आई."

"अमेरिकेत धोतर देतात?"

"म्हणजे, कल्चरल थीम होती."

"दर शनिवारी?"

शरयूने वाकून इलाच्या तोंडातून काहीतरी काढलं. तोंडात काहीच नव्हतं.

"बत्तीस वर्षं गल्लीतल्या राममंदिरात मूर्तींना वस्त्रं नेसवली मी," शुभाताई म्हणाल्या. "पाय असा वर घेतला की निऱ्या मांडीवर ताणतात. ह्याच्या बघ, पडद्यासारख्या सरळ. आणि एवढ्या पोटावर गाठ मारली तर वर वळी नको यायला? ही गाठ हवेत आहे."

त्यांनी टेबलावरचा खोडरबर उचलला. निऱ्या गेल्या. उपरणं गेलं. शाईतली मांडी वर आली आणि मग बाकीचंही सगळं. शरयूने डोळे मिटले. गेले आपले दोन तास.

"अहो आई, ते अभ्यासासाठी असतं. सगळेच काढतात..."

"मांडी छान जमलीय," शुभाताई म्हणाल्या.

शरयूने एक डोळा उघडला.

"पण तोंड कोणाचं हे? नुसता बटाटा काढून ठेवलाय."

"त्याच्या तोंडाकडे बघितलं की तोही बघतो हो. लाज वाटते."

"म्हणजे बाकी सगळं बघताना नाही वाटली, तोंड बघताना वाटली?"

शरयूला हसू आवरेना. मग शुभाताईंनाही. इलाला काही कळलं नव्हतं, तीही टाळ्या पिटत हसली.

"बिचारा एका पायावर ताटकळतोय," डोळे पुसत शुभाताई म्हणाल्या. "त्याला काय वाटतंय ते नको का दिसायला?"

"मग आई, पुढच्या शनिवारी... जाऊ ना?"

"जा की. पण पुन्हा कुणाला नेसवून आणलंस तर इला तुझ्याबरोबर क्लासला. नोव्हेंबरपासून ही धोतरं बघून डोळे दुखले माझे."

"नोव्हेंबरपासून? म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"पहिल्याच दिवशी नऊवारी नेसवलीस आणि काष्टा विसरलीस!"

पुढच्या शनिवारी तोच गृहस्थ उभा होता. शरयूने आधी त्याचं तोंड काढायला घेतलं. तिने बघितलं, त्यानेही बघितलं, आणि पृथ्वी काही दुभंगली नाही. ओठ घट्ट मिटून तो जांभई दाबत होता. नाकपुड्या फुगल्या होत्या, डोळ्यांच्या कडांना पाणी जमलं होतं. तिने ते पाणीसुद्धा काढलं. मांड्या अर्ध्याच राहिल्या.

घरी शुभाताईंनी वही बराच वेळ समोर धरली. इला त्यांच्या खांद्यावर जागीच होती, त्यांच्या कानातली कुडी ओढत.

"झोप आलीय गं बिचाऱ्याला," त्या म्हणाल्या. "नातवंडं सांभाळत असणार घरी."

आणि तोंडावर हात न धरता त्यांनी लांबलचक जांभई दिली.