गैरहजेरीची बाजू

"चिठ्ठीत निघालेली बाजू मंचावरून उतरताना तिथंच ठेवून यायची, पोरींनो. घरी नेली की ती अंगवळणी पडते." वादविवाद स्पर्धेला निघताना शिवशंकर सरांनी असं बजावलं, तेव्हा धनश्री हसली होती. बाजू म्हणजे काय चप्पल आहे का, दारात काढून ठेवायला, असं वैष्णवीच्या कानात कुजबुजत ती एसटीत चढली.

अण्वस्त्रबंदीच्या जागतिक करारावर भारतानं सही करावी का, हा विषय. संघ दोघींचा. वैष्णवीला चिठ्ठीत 'करावी' निघालं, धनश्रीला 'करू नये'. धनश्रीनं ते असं काही मांडलं की परीक्षक लिहायचे थांबले. कराराच्या वाटाघाटींना भारत गेलाच नाही, पण अण्वस्त्रं बाळगणारा दुसरा तरी कोण गेला? मग त्या सहीनं एक तरी बॉम्ब कमी होणार का? आपण पहिला वार करणार नाही म्हणतो, सगळे सोडतील तर आपणही सोडू म्हणतो. शेवटचं वाक्य तिनं एसटीतच जुळवलं होतं: "आम्ही बंदीच्या विरोधात नाही. आम्ही फक्त त्या खोलीत नाही." टाळ्या थांबेनात. करंडक दोघींचा, पण फोटोत धनश्री पुढं.

याला आता आठ वर्षं होत आली. धनश्री वडवणीपासून तीन किलोमीटरवर, माळाच्या कडेच्या दोन खोल्यांत राहते. सासरे म्हाळू आणि सासूबाई मेंढरं घेऊन दिवाळीनंतर चारणीला कडा गावाकडं गेलेत, ते पावसाच्या तोंडावर येतील. नवरा सोमेश्वर फौजेत, सीमेजवळ ट्रक चालवतो. घरी ती, दीड वर्षाची ऋतुजा आणि कळपाबरोबर चालू न शकणारी तीन कोकरं. गॅसचं बटण ती तीनतीनदा बघते, निजलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरते. दिवसभरात कोणाशी बोललो हे आठवायला गेलं, तर बहुतेक वेळा कोकरंच निघतात.

गेल्या मे महिन्यात सीमेवर पेटलं. सोमेश्वरचा फोन चार दिवस बंद. टीव्हीवरची माणसं नकाशावर गोल काढून अणुबॉम्ब कुठवर पोचेल ते सांगत होती. लेकीला पाजताना धनश्री तो गोल बघायची आणि आपलं भाषण शब्दाशब्दानं आठवायची. त्या चार दिवसांत रोज फोन केला तो एकट्या वैष्णवीनंच. सिरसाळ्याच्या सासरहून ती विचारायची, "जेवलीस का? लेकरू पितंय अंगावर, उपाशी ऱ्हाऊ नको."

डिसेंबरात तिचाच फोन आला, पण आवाज वेगळा.

"मला हितं न्हाई ऱ्हायचं, धने. रविवारी बैठक बसतीय, दोन्हीकडची माणसं. तू नुसती माझ्याशेजारी बस. बोलू नको काय."

"मी तुझ्या विरोधात न्हाई गं," धनश्री म्हणाली. "पण त्यांचं पुढारकीचं घर. हे तिकडं, मी लेकराला घेऊन एकटी. मला मधी कावून वढतीस?"

 मग न रागावता वैष्णवी म्हणाली, "म्हंजे तू फकस्त त्या खोलीत न्हाईस."

बैठकीत तिच्या शेजारी कोणी बाई नव्हती. तिला परत सासरी धाडलं. तेव्हापासून फोन बंद. तिच्या वडिलांना, आप्परावांना विचारलं तर एकच उत्तर: "सुखात हाय. फोन बिघडलाय तिचा." दोन महिने बिघडलेला फोन.

आणि गेल्या सोमवारी पलीकडच्या वस्तीवरची संगीता वही घेऊन आली. कॉलेजात पहिल्या वर्षाला, अन् विषय तोच.

"वैनी, तुमचं भाषण सांगा की. सर म्हणले लई गाजलं होतं."

"बाजू कंची निघाली?"

"करू नये."

धनश्री पाठ म्हणत गेली, संगीता लिहीत गेली. शेवटच्या वाक्याला तिचा पेन अडला.

"एक इचारू? खोलीत जाऊन न्हाई म्हणता येत न्हाई का?"

"म्हंजे?"

"म्हंजे जायचं, बसायचं, आमाला पटत न्हाई म्हणायचं. आत्याच्या सोयरिकीला आमी रुसून गेलो न्हाई, तर समद्यांनी मिळून आमालाच नावं ठेवली. आन आत्याच्या बाजूनं बोलायला कुणीच न्हवतं तिथं." संगीता हसली. "बरं, लिहू का हे?"

देशाचं काय बरोबर, हे धनश्रीला आजही ठरवता येत नाही. देशाला शेजारी असतात, नकाशे असतात. तिला मात्र एका बाईशेजारी बसायचं होतं, बस.

"लिही," ती म्हणाली. "पण उतरताना तिथंच ठेवून ये."

दुसऱ्या दिवशी कोकरं संगीतावर सोपवून, ऋतुजाला कडेवर घेऊन तिनं परळीची गाडी धरली आणि सिरसाळ्याला उतरली. पिवळ्या फाटकाच्या घरात वैष्णवीची सासू, सत्यभामाबाई, लसूण सोलत होती.

"झोपलीय ती. डोकं धरलंय," सत्यभामाबाई म्हणाली.

"उठूस्तवर बसते."

"उनाचं लेकरू घिऊन कशाला आलीस बाई? च्या घे अन् निघ, गाडी चुकल."

"गाड्या लई हायत."

चहा आला. त्यावर साय धरली. ऋतुजा किरकिरायला लागली, तशी धनश्री तिला मंचावरच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "रडू नको, ऋतू. वैष्णवीमावशीकडं आलोत आपण, वडवणीहून. उठली की भेटंल."

वर कुठंतरी कडी वाजली. थांबून पुन्हा एकदा. सत्यभामाबाईनं टीव्हीचा आवाज वाढवला.

सव्वाचारला फाटकात दोन गाड्या शिरल्या, माणसं उतरली, आणि लेकरू कडेवर असलेल्या बाईला उठावं लागलं. वैष्णवी दिसली नाही. धनश्रीनं महिलांच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी नाव-पत्ता लिहून घेतला, चौकशी करतो म्हणाले. येत्या गुरुवारी ती परत जाणार आहे. पण एकट्या बाईला चहा पाजून वाटेला लावता येतं, रोज नवं माणूस दारात आलं तर अवघड जातं.

म्हणून हे वाचणाऱ्याकडं तिचं एवढंच मागणं आहे. बीड-परळी रस्त्यानं जाणार असाल तर सिरसाळ्याला उतरा. पिवळं फाटक विचारा. आत जाऊन बसा, चहा निवला तरी बसा. आणि वर ऐकू जाईल अशा आवाजात विचारा: वैष्णवी हाय का घरात?