परातीएवढी हिरवळ

गेटला टेकवून ठेवलेली शहाबादी फरशी. एकच. नमुन्याची.

*

दोरीवर वाळणारं पांढरं फडकं. दुहेरी, चारी कडांना हातशिलाई. रोज पिळलं जातं, पण साबण त्याला माहीत नाही.

*

जळून गेलेल्या लॉनमध्ये, विहिरीच्या झाकणाला लागून, परातीएवढा हिरवागार तुकडा. एप्रिल महिन्यात.

*

"गवत म्हंजे काय जावई हाय व्हय, त्याला इचारून पाणी द्यायला?"

*

ओली. बंद.
ओली. बंद.
ओली. बंद.

*

हे शेवटचं, म्हणजे ओली आणि बंद, पेटी म्हणते. पेटी बोलत नाही, पण तिच्यावर दोन दिवे आहेत. रोज सकाळी सहाला ती मातीत पुरलेल्या एका कांडीकडून ओल तपासून घेते. माती कोरडी असली तर हिरवा दिवा लागतो आणि लॉनवरचे फवारे सुरू होतात. ओली असली तर लाल दिवा, फवारे बंद. ही पेटी शांभवीनं बनवली. ती शिरोलीच्या एमआयडीसीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या एका कारखान्यात नोकरीला होती. साल २००३.

"कोरडं म्हंजे हिरवा आन् ओलं म्हंजे लाल," सोसायटीचे चेअरमन आप्पासो म्हणाले होते. "ह्यातच सगळं आलं."

जावयाचं वाक्यही त्यांचंच.

*

उजळाईवाडीची स्नेहबंध सोसायटी. सोळा घरं, मधे बाग, बागेत विहीर. घरातलं पाणी आणि बागेचं पाणी त्याच विहिरीचं. राहणारी बहुतेक माणसं कागलकडची, उसातली. बागेला पाणी घालायची त्यांची रीत शेतातलीच होती. लॉनमध्ये पाईप सोडायचा आणि चहाला घरात जायचं. पाणी उभं राहिलं की पाणी दिलं. मग ते गेटबाहेर रस्त्यावर जायचं, आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसायचा. मग टँकर.

गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या बिलावरून मीटिंगमध्ये भांडण झालं. आप्पासो म्हणाले, बाग काढा, फरशी घाला, गाड्या तरी लागतील. त्यांनी नुकतीच इंडिका घेतली होती.

बाग लावली होती शांभवीच्या वडिलांनी, प्रभुलिंग यांनी. वारणानगरच्या डेअरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. सोनचाफ्याची रोपं चंदगडहून एसटीनं मांडीवर आणलेली. ते मीटिंगमध्ये एवढंच म्हणाले, "माझ्या पोरीला एक उन्हाळा द्या."

दिला. अट अशी: एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी बाग बघायची. जिवंत असली तर राहील. आणि मार्चअखेर पेटी सुरू झाली की तोवर हातानं पाणी घालायचं नाही, नाहीतर पास कोण झालं, पेटी का पाईप, ते कळणार नाही. आप्पासोंनी रबरी पाईप गुंडाळून स्वतःच्या घरात कुलपात ठेवला.

*

ओली. बंद.

*

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लॉन पिवळं पडलं, दुसऱ्यात तांबडं. पेटीवर लाल दिवा.

तळमजल्यावरच्या चिमणाबाई मांजर मांडीवर घेऊन पायरीवर बसत. "आमचं मांजर बी त्या लॉनवर पाय ठेवंना झालंय," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "भाजतंय म्हणतंय."

"शांभवी, पेटीला चष्मा लाव की," आप्पासो म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी फरशीचा नमुना आणून गेटला टेकवला.

प्रभुलिंग बागेत बसायचे बंद झाले. गॅलरीत उभे राहत, पण पाठ बागेकडे.

शांभवीनं बॅटरी बदलली. वायर तपासली. लोडशेडिंगवर संशय घेतला, मग काढून टाकला. शेवटी एका संध्याकाळी तिनं खुरपं घेऊन कांडीच उकरली. कांडी विहिरीच्या झाकणाजवळ पुरली होती. पेटी पंपाच्या खोलीत, आणि होती ती वायर तिथवरच पोचत होती. कांडीभोवतीची माती हातात घेतली तर लाडू वळावा अशी ओली. दोन पावलांवर खुरपं घातलं तर ते टणकन वाजलं.

म्हणजे पेटी खोटं बोलत नव्हती. जिथं विचारत होती तिथं ओलच होती.

"विहिरीचा पाझर असंल," वरून वडील म्हणाले.

"पप्पा, पाणी चाळीस फूट खाली हाय. वर चढून येतंय व्हय?"

"मग कुठलं हाय ते पाणी?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला ती पंपाच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसली. उजाडत होतं. आप्पासोंच्या घराचं दार वाजलं आणि त्रिशलाकाकू बाहेर आल्या. आप्पासोंच्या पत्नी. एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताचा आडोसा त्याच्या तोंडावर धरलेला, पणतीला वारा लागू नये तशी. झाकणापाशी येऊन त्या खाली बसल्या. तांब्या जमिनीला लावला आणि अगदी सावकाश, आवाज न करता, कडेच्या मातीत कलता केला.

"काकू, काय करालाय?"

त्रिशलाकाकू दचकल्या नाहीत. तांब्या पुरता रिकामा होईपर्यंत हलल्याही नाहीत त्या.

"जिवाणी सोडालेय," त्या म्हणाल्या.

शांभवीचं लहानपण त्यांच्या शेजारीच गेलं होतं. काकू जैन, पाणी गाळूनच पितात हे तिला माहीत होतं. फडकं दोरीवर रोजच दिसायचं. गाळल्यानंतर फडक्यात जे राहतं त्याचं काय होतं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"त्यात जीव असत्यात," काकूंनी सांगितलं. "डोळ्यांना दिसत न्हाईत. गाळलेल्या पाण्यानं फडकं उलटं करून धुवायचं आन् ते पाणी जिथलं तिथं परत सोडायचं. विहिरीचं विहिरीत. झाकण घातल्यापासनं मी त्या पायपाजवळच्या फटीतनं सोडत हुते. दोरी लावून, हळू. तू फट बुजवलीस."

फट. झाकणाच्या कडेला, पंपाचा पाईप आत जातो तिथं हात जाईल एवढी जागा होती. फेब्रुवारीत पाईप बदलताना शांभवीनं उभं राहून ती गवंड्याकडून सिमेंटनं बंद करून घेतली होती. उंदीर जातात म्हणून. आणि तिथून वीतभर अंतरावर कांडी पुरली होती.

"मग मातीत सोडायचं चालतं?"

"न्हाय चालत." काकू मातीकडे बघत राहिल्या. "झिरपून जाईल खाली, असं मनाला सांगत हुते. दोन महिने झालं, जेवण गोड लागंना."

"मग सांगायचं की मला. पप्पांना तरी."

"आन् तू बुजवलीस म्हणून सांगू? आमच्या ह्यांनी लगेच तेच धरलं असतं. म्हणाले असते, बघा, बागेपायी धर्म बुडाला." त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून. "तुझी बाग जगावी म्हणून गप बसले."

शांभवी हसली. आधी हसली, मग तिचे डोळे भरले, मग पुन्हा हसली. पंपाच्या खोलीत सहा वाजले आणि लाल दिवा लागला.

"ह्यो काय म्हणतोय?" काकूंनी विचारलं.

"म्हणतोय, तुम्ही पाणी घातलंय."

*

त्याच दिवशी गवंडी. छिन्नीनं सिमेंट फुटलं. फवाऱ्यांच्या कामातून उरलेला काळा पाईप शांभवीनं भोकातून खाली सोडला. वर नरसाळं बसवलं.

"वरनं पडाय नको," काकू म्हणाल्या. "जिवाला लागतं."

"न्हाय पडत. टोक पाण्यात बुडलंय. पातळी खाली गेली तर अजून सोडता येतोय, गुंडाळी ठेवलीय बघा."

काकूंनी पहिला तांब्या ओतला आणि नरसाळ्याला कान लावला. बराच वेळ. खालून काहीच आवाज आला नाही. त्यांनी मान हलवली आणि घरी गेल्या. त्या दुपारी त्या पोटभर जेवल्या, हे आप्पासोंनीच नंतर कुणाला तरी सांगितलं. त्यांना वाटलं आमटी चांगली झाली होती.

जास्तीची वायर आणून कांडी लॉनच्या मधोमध गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे बाप-लेक पंपाच्या खोलीत उभे. सहा वाजायला थोडा वेळ होता.

"चालू झाली न्हाय तर?" प्रभुलिंग म्हणाले.

"होईल."

"न्हाय, झाली न्हाय तर?"

*

कोरडी. चालू.

*

फवारे आधी खोकले, वारा सोडला, मग एकेक करून उभे राहिले. रस्त्यावर थेंब गेला नाही. थोड्या वेळानं आपले आपण बंद झाले. प्रभुलिंग लॉनच्या कडेला खुर्ची टाकून, तोंड बागेकडे करून बसले, आणि चहा तिथंच मागवला.

कोरडी. चालू.
ओली. बंद.
ओली. बंद.
कोरडी. चालू.

लॉन हरळीचं, आणि हरळी चिवट असते. वर जळते, खाली जागी असते. दोन आठवडे हातात होते आणि तेवढे पुरले.

*

रविवारी सगळे खाली आले. आप्पासोंनी चपला काढून लॉनवर एक फेरी मारली, विहिरीत वाकून बघावं तसे पाईपच्या नरसाळ्यात बघून आले. पाणी कुठवर आहे ते त्यांनी आधीच दोरी टाकून मोजलं होतं. गेल्या साली या दिवसांत तळ होता.

"आधी का जळालं मग?" त्यांनी शांभवीला विचारलं. "दोन आठवडे पेटी झोपली हुती?"

त्रिशलाकाकू गॅलरीतून म्हणाल्या, "पाणी माझं हुतं." आणि तिथूनच, हातातली भाजी निवडत, सगळं सांगितलं.

आप्पासोंनी चपला पायात घातल्या.

"म्हंजे पाईप मी घरात कोंडला," ते म्हणाले, "आन् पाणी माझ्याच घरातनं."

"चेअरमनच्या घरचंच लागतंय की," प्रभुलिंग म्हणाले. हसण्यात मांजर उठून गेलं.

"मला सांगायचं हुतंस," आप्पासो वर बघून म्हणाले.

"सांगितलं असतं तर आज इथं फरशी असती."

मतदान झालं नाही, कुणी मागितलंच नाही. आप्पासोंनी गेटजवळची फरशी उचलली, नरसाळ्यापाशी आणून आडवी टाकली आणि पायानं दाबून बसवली. काकूंना तांब्या ठेवायला.

त्या उन्हाळ्यात टँकर आला नाही. इंडिका अजून रस्त्यावर, सोनचाफ्याच्या सावलीत लागते.

*

विहिरीवर झाकण बसवलं ते १९९६ च्या मे महिन्यात. चिमणाबाईंचं मांजर, हेच, तेव्हा पिल्लू होतं आणि उघड्या विहिरीत पडलं होतं. जिवंत निघालं.